डूख धरलेली पट्टी

मी एक जुनी बांबूची पट्टी आहे, कापड मोजायची. माझ्या अंगावर वीस खुणा होत्या, आता तेरा उरल्या आहेत. बाकीच्या सात कुठे गेल्या ते सांगायलाच आज बसले आहे. मित्रांनो, तुम्ही जुन्या छत्रीची, फुटक्या पाटीची, पडक्या विहिरीची कहाणी ऐकली असेल. ती बिचारी सगळे सोसतात आणि शेवटी तुमचे भले चिंततात. मी त्यांच्यातली नाही. मी डूख धरते. कोणी माझ्याशी वाईट वागले तर मी ते विसरत नाही, आणि संधी मिळाली की सोडत नाही.

माझा जन्म दामयांगच्या बांबूच्या बनात झाला. ऐन थंडीत मला तोडले, कारण थंडीत तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही. एका म्हाताऱ्या कारागिराने मला चिरले, तासले, धुरावर धरले आणि तापलेल्या तारेने माझ्या अंगावर वीस खुणा डागल्या. चटके बसले, पण त्याचा मला राग नाही. डागताना तो मला म्हणाला होता, "सरळ राहा म्हणजे झालं. बाकी तुला काही येण्याची गरज नाही." त्याचे म्हणणे मला पटले होते.

तिथून मी देगूच्या बाजारात आले. तिथे एका गल्लीत सगळी हानबोक, म्हणजे आमच्याकडचे सणासमारंभाचे पारंपरिक कपडे, शिवणाऱ्यांची दुकाने होती. लग्नाचे, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे, म्हाताऱ्यांच्या साठीचे कपडे तिथे शिवले जात. मला विकत घेतले बांग पिलनाम नावाच्या बाईने. तेव्हा ती तरुण होती आणि तिच्या हाताला कसब होते. नवरीच्या दंडावर मला ठेवून ती एका नजरेत माप घ्यायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "मी खोटं बोलेन, पण ही पट्टी बोलणार नाही." ते ऐकून मला बरे वाटायचे. ती माझ्या सुखाची वर्षे होती. मला वाटले, आपले आयुष्य असेच रेशमावरून सरकत जाईल.

मग पिलनामच्या मुलाचे लग्न झाले आणि जोंगिम सून म्हणून घरात आली. मुलगा बंदरावर मालट्रक चालवायचा आणि महिन्यातून दोनदा घरी यायचा. सून राहिली सासूच्या हाताखाली, दुकानात, जमिनीवर मांडी घालून.

जोंगिम चोवीस वर्षांची होती. तिला शिवण येत नव्हते. शिकवायची पिलनामची एकच रीत होती. टाका वाकडा गेला की ती म्हणायची, "वाकडं. उसव." आणि मला उचलून सुनेच्या बोटांवर मारायची. हो, मित्रांनो, मलाच. मोजायला जन्मलेली मी, मला मारायला लावले. पहिल्या दिवशी मला वाटले चुकून झाले असेल. दुसऱ्या दिवशी कळले की हेच आता माझे काम आहे.

"वाकडं. उसव." सट्‌. "वाकडं. उसव." सट्‌. दिवसातून किती वेळा, ते मी सांगू शकते, कारण मोजणे हाच माझा धर्म आहे. पण सांगत नाही, तुम्हाला खोटे वाटेल. जोंगिमचे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती "हो आई" म्हणायची आणि उसवायची.

एकदा शरदातल्या सणाच्या आधी कामाची झुंबड उडाली होती. एका नवरीच्या अंगरख्याच्या गळ्याला पांढरी कड लावायची होती. जोंगिमने लावलेली कड दोन धागे सरकली. पिलनामने मला उचलले आणि इतक्या जोराने मारले की जोंगिमच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचे हाड मोडले. तो आवाज माझ्या अंगातून गेला. त्याच फटक्यात मलाही तेराव्या खुणेपाशी चीर पडली.

आता पिलनामने काय केले ते नीट ऐका, कारण माझा डूख इथेच सुरू होतो. तिने लाल रेशमी दोरा घेतला, माझी चीर नीट जुळवली, आणि वीस वेढे देऊन मला बांधले. मला! जोंगिमच्या बोटाकडे पाहायला मात्र तिला वेळ नव्हता. "आधी कड पुरी कर. गिऱ्हाईक चारला येतंय," एवढेच ती म्हणाली. जोंगिमने चार बोटांनी कड पुरी केली. डॉक्टरकडे ती दोन दिवसांनी गेली. तोवर बोट वाकडे जुळून यायला लागले होते, आणि ते तसेच राहिले.

त्या संध्याकाळी दुकान झाडताना जोंगिमने मला फडक्याने पुसले. माझ्या दोऱ्याच्या वेढ्यांवरून तिने ते सुजलेले बोट फिरवले आणि हळूच म्हणाली, "कधीतरी तू माझ्या हातात येशील."

मी मनात म्हटले, ये लवकर. मी तयार आहे.

त्यानंतर कितीतरी वर्षे गेली. लोक भाड्याचे हानबोक घेऊ लागले, गल्लीतली दुकाने एकेक करून बंद झाली. आमचे राहिले, पण माझे काम कमी झाले आणि मी बहुतेक वेळ खिळ्याला लटकून असायचे. जोंगिम आता सासूपेक्षा चांगले शिवायची. तरी पिलनाम येताजाता म्हणायचीच, "वाकडं. उसव." सवयच पडली होती. मी लटकून वाट पाहत होते. चार दिवस सासूचे असतात, चार दिवस सुनेचे. सासूचे चार दिवस अठ्ठावीस वर्षे चालले.

आणि मग वसंतातल्या एका सकाळी ते घडले. पिलनाम एका बाळाच्या कपड्याचे कापड बेतत होती. मी तिच्या डाव्या हाताशी होते. तिच्या उजव्या हातातून कात्री पडली. तिने उचलायचा प्रयत्न केला, पण हात उचललाच गेला नाही. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली. जोंगिमने पाहिले आणि लगेच फोन हातात घेतला. आरोग्य तपासणीला गेली तेव्हा तिथल्या भिंतीवरचे चित्र तिने पाहिले होते. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे जड, की ताबडतोब रुग्णवाहिका. तिला माहीत होते, हे तुम्ही लक्षात ठेवा.

पण पिलनाम जड जिभेने म्हणाली, "फोन... ठेव. सुई आण."

आमच्याकडे ही जुनी समजूत आहे. पोट बिघडले की सुईने बोट टोचून काळे रक्त काढायचे. अंगावरून वारे गेले तर दहाही बोटे टोचायची. शेजारच्या गाद्यांच्या दुकानातला ग्वाक म्हातारा कात्री पडल्याचा आवाज ऐकून धावत आला आणि त्यानेही तेच सांगितले. "अगं, बघत काय बसलीस! काळं रक्त गेलं की मोकळ्या होतील पिलनामताई. रुग्णवाहिका बोलावून गल्लीत तमाशा करायचाय का?"

जोंगिमने फोनकडे पाहिले, मग सासूकडे पाहिले, आणि फोन खाली ठेवला.

का ठेवला? अठ्ठावीस वर्षांच्या "हो आई"ची सवय म्हणून? की दुसरे काही होते? मी तिथेच होते, पण मला तिच्या मनातले दिसले नाही. माझ्या मनातले मात्र सांगते, लपवत नाही. मी म्हणत होते, ठेव, ठेव तो फोन. आण सुई. ती म्हणते ना? मग आण.

शिवणाऱ्यांच्या घरी सुयांना काय तोटा! ग्वाकने दहाही बोटे टोचली, पिळून रक्त काढले, ते काळे की लाल यावर बराच वेळ विचार केला. मग घरी जाऊन असल्या वेळेसाठी लोक घरात जपून ठेवतात ती सोनेरी वर्ख लावलेली औषधी गोळी आणली आणि पिलनामच्या तोंडात कोंबली. तिला ती चावता येईना. असा तास गेला, वर आणखी थोडा. शेवटी पिलनामची मान कलंडली तेव्हा जोंगिमने कुणालाही न विचारता फोन उचलला. रुग्णवाहिकेतल्या माणसाने पिलनामच्या गालातून अर्धी गोळी बोटाने बाहेर काढली. ती घशात गेली असती तर तिथेच संपले असते.

पिलनाम वाचली. पण उजवे अंग लुळे पडले आणि भाषा गेली. "थोडं आधी आणलं असतं तर," असे डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धेच सोडले. तीन आठवड्यांनी तिला पुन्हा उभे राहायला शिकवणाऱ्या दुसऱ्या दवाखान्यात हलवले. तिथे तिच्या तोंडून पहिला शब्द आला. पाणी हवे असो, उशी टोचत असो, डॉक्टर नाव विचारोत, तिच्याकडे एकच शब्द उरला होता.

"उसव."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा.

तिथे मेंग नावाची नर्स होती. चाळिशीची, ठेंगणी, कानामागे पेन खोचलेली. पहिल्याच दिवशी तिने पिलनामच्या बोटांची टोके पाहिली. दहा सुकलेले ठिपके अजून दिसत होते.

"किती वेळानं आणलंत?" तिने जोंगिमला विचारले.

"तासाच्या वर."

"आणि तोवर हे?"

"हो. त्यांनी सांगितलं म्हणून."

"त्यांनी सांगितलं," मेंग म्हणाली. कागद घेऊन बसली आणि पिलनामच्या देखभालीची योजना लिहू लागली. प्रत्येक गोष्ट ती जोंगिमला मोठ्याने वाचून दाखवत होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि कंबर पाहायची, लाल दिसली तर सांगायचे. लुळ्या हाताखाली उशी, आणि तो हात धरून कधीही ओढायचा नाही, खांदा निखळतो. घंटीचे बटण डाव्या हाताशी, कारण चालतो तो हात डावा. पाणी पातळ द्यायचे नाही, पूड घालून दाट करायचे. बिछान्याचे डोके काटकोनात उभे, हनुवटी खाली, छोटा चमचा, गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवण झाले की गालात काही राहिले का पाहायचे आणि अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. भात, फळ, तांदळाची चिकट मिठाई, सगळे बंद.

"पातळ घोट श्वासनलिकेत गेला तर न्युमोनिया होतो. चिकट तुकडा अडकला तर न्युमोनियापर्यंतही पोचत नाही," मेंग म्हणाली. "आता मला सांगा, या काय करायच्या? आजाराआधी?"

"शिवायच्या. आणि आम्हाला शिवायला लावायच्या."

"मग उजवा हात हे आपलं पहिलं काम. पण नुसतं 'हात सुधारावा' असं लिहून चालत नाही. किती सुधारला ते मोजता आलं पाहिजे."

"मोजायचं?" जोंगिम म्हणाली. "माझ्याकडे पट्टी आहे."

अशी मी दवाखान्यात आले. जोंगिमने मला पिशवीतून काढले तेव्हा पिलनामने मला ओळखले. मग तिने पाहिले मी कोणाच्या हातात आहे. तिच्या डाव्या डोळ्यात जे आले ते मी अठ्ठावीस वर्षे जोंगिमच्या डोळ्यात पाहिले होते. मित्रांनो, काय सांगू, माझ्या गाठी सुखावल्या.

मेंगने सांगितले, जेवणाच्या टेबलावर पट्टी ठेवायची, लुळा हात पहिल्या खुणेशी ठेवायचा, आणि पिलनामने तो स्वतः पुढे सरकवायचा. रोज दोनदा. पहिल्या दिवशी हात अर्धी खूणसुद्धा सरकला नाही. दुसऱ्या दिवशी पिलनामने लबाडी केली, खांदा झटकून हात फेकला. जोंगिमने मला उचलले आणि टेबलाच्या कडेवर आपटले. सट्‌.

"वाकडं," ती म्हणाली. "उसवा."

पिलनामचा चेहरा लालबुंद झाला. "उसव!" ती ओरडली.

"मी नाही, तुम्ही. पहिल्या खुणेपासून."

हा आमचा सूड होता, जोंगिमचा आणि माझा. तिने सासूच्या अंगाला बोटही लावले नाही, फक्त तिचे शब्द तिला परत केले. पिलनाम दाट केलेला सातूचा चहा थुंकायची. जोंगिम तोंड पुसायची आणि दुसरा चमचा पुढे धरायची. "पातळ हवाय? मलाही खूप काही हवं होतं. गिळा." पिलनाम आडवी व्हायला धडपडायची. "अजून बारा मिनिटं. नियम म्हणजे नियम, आई. कुणाचं वाक्य हे?" मेंगच्या योजनेतली एकही ओळ जोंगिमने चुकवली नाही. दर दोन तासांनी कूस म्हणजे दोन तासांनी, दोन मिनिटे इकडे नाही की तिकडे नाही. त्या खोलीत पाच बिछाने होते. बाकी चौघींच्या पाठीला कधी ना कधी जखमा झाल्या, पिलनामच्या पाठीवर लाल डागसुद्धा उठला नाही. शेजारच्या बिछान्यावरची बाई म्हणाली, "पुण्य केलं असेल हो तुम्ही, अशी सून मिळाली." पिलनाम दात-ओठ खात म्हणाली, "उसव."

आणि रागाने म्हणा, हट्टाने म्हणा, तिचा हात सरकू लागला. पहिल्या आठवड्यात दोन खुणा. दुसऱ्यात पाच.

एकदा मेंग दारात उभी राहून ऐकत होती. माझा सट्‌ आवाज आला तशी ती आत आली आणि जोंगिमला बाहेर बोलावले. जाताना जोंगिमने मला हातातच ठेवले होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"तुमचं ते बोट," मेंग म्हणाली. "या पट्टीनं?"

जोंगिमने मला पाठीमागे धरले आणि म्हणाली, "मी त्यांना मारलेलं नाही."

"माहीत आहे. रोज अंघोळीच्या वेळी मी बघते. पण ताई, माझ्या वॉर्डात धाकानं कुणाचं काही सुधारत नसतं."

"सुधारलंय की. पाच खुणा."

मेंगला हसू आले असावे, पण तिने ते गिळले. "पट्टी टेबलाला चिकटवायची, चिकटपट्टी लावून. तुमच्या हातात दिसली तर जप्त करीन. योजनेत लिहितेय मी हे." आणि तिने खरेच लिहिले. मग पेन कानामागे खोचून ती जरा हळू आवाजात म्हणाली, "आणखी एक विचारते. त्या दिवशी फोन का ठेवलात?"

जोंगिमने माझ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "तेच मला कळत नाही," ती म्हणाली. "रोज विचारते स्वतःला. मी 'हो आई' म्हटलं, की मरू दे म्हटलं? दोन्ही सारखंच वाटतं आता."

तेव्हा मला समजले की ती इथे इतकी घड्याळ लावून का झटते आहे. मला ते आवडले नाही. मला वाटले होते आम्ही दोघी एकाच बाजूला आहोत.

पाचव्या आठवड्यात हात चौदाव्या खुणेला पोचला, आणि बोटे जरा मिटू-उघडू लागली. त्या दिवशी दुपारी ग्वाक म्हातारा भेटायला आला. हातात कागदात गुंडाळलेली तांदळाची मिठाई होती, ताजी, मऊ, सोयाबीनच्या पिवळ्या पिठात घोळलेली, सहा तुकडे.

"हे काय भरवताय त्यांना, चिखल? आजाऱ्याच्या पोटात बळ नको?" त्याने वाटीतल्या दाट पेजेकडे पाहून नाक मुरडले. "पिलनामताई, तुमच्या आवडीची आणलीय. बाजारातल्या त्याच बाईकडची."

"त्यांना चालत नाही, काका," जोंगिम म्हणाली.

"एका तुकड्यानं काय होतंय? दवाखानेवाले सगळ्यालाच नाही म्हणतात. माझी गोळी चालली होती ना?"

दुकान उघडे टाकून आलो आहे, असे म्हणत तो निघून गेला. मिठाई टेबलावर राहिली. टेबल पुसायला जोंगिमने नुकतीच माझी चिकटपट्टी काढली होती, त्यामुळे मी मिठाईच्या शेजारीच मोकळी पडले होते.

पिलनामने डावा हात मिठाईकडे केला. "उसव."

"योजनेत ते बंद आहे, आई."

"उसव!" ती हुकमाने म्हणाली. कात्री आण, इस्त्री आण, सुई आण म्हणताना असायचा तोच आवाज. आणि तिने तोंड उघडले.

जोंगिमचा हात पुढे गेला. सवयीने गेला, की कशाने, मला ठाऊक नाही. तिने एक तुकडा उचलला. खोलीत कोणी पाहत नव्हते. शेजारची बाई व्यायामाला गेली होती, बाकीच्या झोपल्या होत्या. देणारा ग्वाक होता, मागणारी पिलनाम होती, जोंगिम फक्त "हो आई" म्हणणार होती. तिला कोणी बोट लावू शकले नसते. मी मनात ओरडत होते, दे! देऊन टाक! मागतेय ती! सुई मागितली तशी मागतेय! माझी चीर ताणली जात होती इतकी मी ओरडत होते. आज मला त्याची लाज वाटते का? थोडी वाटते.

तुकडा पिलनामच्या ओठांपासून वीतभर दूर थांबला.

"नाही," जोंगिम म्हणाली. "नाही, आई."

अठ्ठावीस वर्षांत तिने सासूला सरळ तोंडावर, मान वर करून, 'नाही' म्हटलेले मी पहिल्यांदा ऐकले. म्हणून झाल्यावर तीच चकित झाली. मग तिने तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, सासूच्या डोळ्यांत पाहत सावकाश चावला, आणि दुसरा उचलला. मग तिसरा. पिठाचे बोट चाटून चौथा. सासूला वाचवणे आणि सासूवर सूड उगवणे ही दोन कामे एकाच घासात करणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

पाचव्या तुकड्याला पिलनामचा संयम सुटला. तिच्या घशातून आवाज निघाला, खांदा थरथरला, आणि तिने मला उचलले. उजव्या हाताने. त्याच लुळ्या हाताने! बोटे माझ्याभोवती मिटली, मी टेबलावरून वर उठले, एक खूण, दोन खुणा, आणि टेबलावर ठेवलेल्या जोंगिमच्या हातावर, त्याच वाकड्या बोटावर, मी खाली आले.

फटक्यात जोर नव्हता. मुंगीसुद्धा मेली नसती. पण मित्रांनो, मी तुटले. लाल दोऱ्याचे वीस वेढे सुटले आणि मी तेराव्या खुणेपाशी दुभंगून पडले. बांबू जुना होता म्हणून तुटला, असे लोक म्हणाले. म्हणोत. मी मुद्दाम तुटले. इतकी वर्षे ज्या हाताने मला मारायला लावले, त्या हाताचा शेवटचा फटका मी पुरा होऊ दिला नाही. माझा सूड तो हाच.

मेंग आवाज ऐकून आत आली. तिने तुटलेली पट्टी पाहिली, जोंगिमचे पिठाळलेले तोंड पाहिले.

"कुणी मारलं?"

"त्यांनी," जोंगिम म्हणाली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "उजव्या हातानं."

"उजव्या?" मेंगने कानामागचे पेन काढले. "मारणं वाईट. ते मी बोलणार आहे त्यांच्याशी. पण लिहावं तर लागणार. वस्तू पकडून उचलली. आठ आठवड्यांचं उद्दिष्ट होतं हे." आणि ती लिहू लागली.

पिलनाम मात्र कोणाकडे पाहत नव्हती. ती माझ्या दोन तुकड्यांकडे पाहत होती. तिने डाव्या हाताने ते जुळवून पाहिले. जुळेनात. मग तिचा हात सरकत जोंगिमच्या हातावर गेला. तिने ते वाकडे बोट धरले, वळलेल्या हाडावर अंगठा टेकवला, आणि शिवण सपाट करतात तसे हळूहळू दाबून ते सरळ करू लागली.

"उसव," ती म्हणाली. इतक्या हलक्या आवाजात तिने तो शब्द कधीच उच्चारला नव्हता. "उसव... उसव."

जोंगिमला कळले, मलाही कळले. पेन चालवणारी मेंगसुद्धा थांबली.

"हे नाही उसवत, आई," जोंगिम म्हणाली. "ती शिवण नाही, हाड आहे. ते आता असंच राहणार."

तिने बोट सोडवून घेतले. बिछान्याचे डोके काटकोनात आणले, सासूची हनुवटी खाली केली, आणि दाट पेजेचा छोटा चमचा पुढे धरला.

"तोंड उघडा."

पिलनामने तोंड उघडले. त्या दिवशी ती थुंकली नाही.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. पण शेवटी दोन शब्द ऐका. तुमच्या घरात कोणाचे तोंड वाकडे झाले, हात गळाला, तर सुई शोधू नका, गोळी कोंबू नका, आजारी माणूस स्वतः सांगत असला तरी त्याचे ऐकू नका. आधी फोन करा. तो माणूस तुमच्या नावडीचा असला तर आणखी लवकर करा, नाहीतर पुढे स्वतःला काय उत्तर द्यायचे ते सापडत नाही. आणि घरात पट्टी असेल तर तिने मोजा. मारलेत तर तिला ते लक्षात राहते. आम्ही पट्ट्या फार दिवस टिकतो.

सात खुणांचा लहान तुकडा मेंगने ठेवून घेतला. तिच्या दुसऱ्या रुग्णांचे हात आता त्याच्यावरून सरकतात. तेरा खुणांची मी दुकानात परत आले आहे. पिलनाम खिडकीपाशी खुर्चीत बसते आणि उजव्या हाताने कापडाची कड धरून ठेवते, जोंगिम शिवते. सासूचे जेवण, औषध, व्यायाम, सगळे घड्याळाप्रमाणे होते. लोक म्हणतात, सुनेने सगळे माफ केले. लोकांना काय माहीत?

कापड बेतताना जोंगिम माझ्याशेजारी हात टेकवते. ते बोट अर्ध्या खुणेने वाकडे आहे. मी रोज मोजते.